मारियाने ब्रांटच्या गावांतून : वायमार ते केम्निट्स

बुधवार, वायमार

मारियाने ब्रांट ही बाउहाउस या जर्मनीतल्या कला आणि डिझाइनच्या शाळेत घडलेली डिझायनर आणि छायाचित्रकार. तिचं नाव घेतलं की ते छोटंसं अर्धगोल चहापात्र डोळ्यांपुढे येतं आणि बहुतेक लेख तिथेच संपतात. ८९ वर्षं जगलेल्या बाईची कारकीर्द पाच वर्षांत उरकून टाकतात, याचा मला कायम राग येत आला आहे. म्हणून ती जिथे शिकली, राबली आणि शेवटी परतली ती गावं स्वतः पाहायची ठरवली. सोबतीला ताई. ताई टूलरूममध्ये काम करते. पत्रा, डाय, प्रेस हे तिचं रोजचं जग आहे, त्यामुळे धातूची वस्तू पाहायला तिच्याइतकी चांगली सोबत मिळणं कठीण.

मुक्काम एरफुर्टला ठेवला. तिथून वायमार गाडीने पंधरा मिनिटांवर आहे. दोघींनी डॉइचलांड तिकीट काढलं होतं. २०२५ मध्ये त्याला महिन्याला ५८ युरो पडत होते आणि सगळ्या प्रादेशिक गाड्या, ट्राम, बस त्यात चालतात. लांब पल्ल्याच्या जलद गाड्यांत ते चालत नाही, पण या भागात त्यांच्यावाचून आमचं काही अडलं नाही.

सकाळी आधी शाळेची इमारत गाठली. वास्तुकार हेन्री व्हान डे व्हेल्डेने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बांधलेली, उत्तरेचा उजेड आत घेणाऱ्या भल्यामोठ्या खिडक्यांची. आज इथे बाउहाउस विद्यापीठ आहे आणि ही वास्तू जागतिक वारशाच्या यादीत आहे. मारियाने इथे पहिल्यांदा आली तेव्हा बाउहाउसचा पत्ताही नव्हता. १८९३ मध्ये केम्निट्समधल्या एका वकिलाच्या घरी तिचा जन्म झाला, माहेरचं आडनाव लीबे. १९११ पासून ती वायमारच्या कलाशाळेत चित्रकला आणि पुढे शिल्पकला शिकली. १९१९ मध्ये एरिक ब्रांट या नॉर्वेजियन चित्रकाराशी लग्न केलं, काही काळ नॉर्वेत आणि फ्रान्समध्ये काढला. त्याच १९१९ मध्ये वास्तुकार वॉल्टर ग्रोपियसने वायमारला बाउहाउस सुरू केलं. १९२३ च्या उन्हाळ्यात शाळेने आपलं मोठं प्रदर्शन भरवलं, ते मारियानेने पाहिलं आणि तिशीत पुन्हा विद्यार्थिनी व्हायचं ठरवलं. शिक्षण पुरं झालेली, हाताशी कला असलेली ही बाई. तिने आपली आधीची बरीच चित्रं जाळली आणि १९२४ मध्ये पहिल्या वर्गात जाऊन बसली.

त्या प्रदर्शनासाठी गेओर्ग मुखेने उभारलेलं नमुन्याचं घर, हाउस आम होर्न, अजून जागेवर आहे. उद्यानातून चढ चढून गेलो, पण घाईतच पाहिलं. मन संग्रहालयाकडे लागलं होतं.

२०१९ मध्ये उघडलेलं वायमारचं बाउहाउस संग्रहालय म्हणजे काँक्रीटचा एक करडा ठोकळा. त्याच्या संग्रहाची सुरुवात ग्रोपियसनेच करून दिली: १९२५ मध्ये शाळा वायमार सोडून गेली, तेव्हा कार्यशाळांतल्या १६८ वस्तू त्याने इथे मागे ठेवल्या.

आणि मग ते चहापात्र. एमटी ४९ हा त्याचा नमुना क्रमांक, साल १९२४. छायाचित्रांत ते नेहमी मोठं वाटतं, छायाचित्रकार लुसिया मोहोयने काढलेल्या फोटोंमुळे तर एखाद्या इमारतीसारखं. प्रत्यक्षात उंची सात-साडेसात सेंटिमीटर, ओंजळीत मावेल एवढंच. खाली एकमेकींना छेदणाऱ्या दोन पट्ट्यांचा क्रूस, त्यावर अर्धगोल बसवलेला. वर सपाट तबकडी, तिच्यात गोल झाकण, तेही मध्यावर नाही, बाजूला सरकवलेलं. काळ्याभोर आबनुसाचा कान, अर्ध्या चकतीसारखा उभा. आत गाळणी. हे पात्र अख्ख्या चहासाठी नव्हतंच. यात चहाचा दाट अर्क करायचा, कपात थोडा ओतायचा आणि ज्याला जसा हवा तसा गरम पाण्याने पातळ करून घ्यायचा. म्हणून ते एवढं लहान. झाकणाला बिजागरी नाही, कारण बिजागरीच्या झाकणाखाली जमलेलं पाणी बाहेर ठिबकतं.

ताईने काचेभोवती दोन चकरा मारल्या. मग वाकून बुडाकडे पाहत म्हणाली, "हे प्रेसवर नाही गं निघायचं. वाटी ठोकून काढलीय, आणि तो क्रूस वाटीला डाख देऊन बसवायचा म्हणजे कसब आहे. एवढ्याशा जागेत हात कुठे घालणार?"

ताईचं म्हणणं अगदी बरोबर होतं. आकार पाहिले तर गोल, अर्धगोल, चकती, सगळे यंत्राला सोपे वाटणारे. पण वस्तू हाताने घडवलेली. अशा मोजक्याच प्रती आज उरल्यात. त्यांतली एक २००७ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात ३ लाख ६१ हजार डॉलरला गेली.

त्या वाटीमागची हकीकत मारियानेने उतारवयात स्वतः लिहून ठेवली आहे. बाउहाउसमध्ये मुलींना बहुधा विणकामाकडे पाठवत. लास्लो मोहोय-नॉज धातूच्या कार्यशाळेचा प्रमुख होता, त्याने तिला आपल्याकडे घेतलं. कार्यशाळेतल्या मुलांना ते रुचलं नाही. इथे बाईचं काय काम, अशी त्यांची समजूत. ती तोंडावर न सांगता त्यांनी तिच्याकडे कंटाळवाणी कामं लोटली. ठिसूळ जर्मन सिल्व्हरच्या छोट्या छोट्या अर्धगोल वाट्या ती ठोकत राहिली. सुरुवात अशीच कष्टाची असते, असं तिला वाटत होतं. पुढे त्याच मुलांनी तिच्यापाशी हे कबूल केलं आणि सगळ्यांचं छान जमलं.

ताई हे ऐकून बराच वेळ काही बोलली नाही. मग एवढंच म्हणाली, "आमच्याकडेही पहिलं वर्ष मला फायलिंगच दिलं होतं."

मला वाटतं, एमटी ४९ च्या अर्धगोलात त्या सगळ्या ठोकलेल्या वाट्या आहेत. शिक्षा म्हणून जो आकार तिच्या पदरात टाकला, तोच तिने असा आपलासा केला की आज तो तिच्या नावाने ओळखला जातो. त्याच वर्षीच्या तिच्या रक्षापात्राचं, म्हणजे ॲश-ट्रेचंही तेच: खाली धातूचा अर्धगोल, वर चकती, चकतीत बाजूला एक त्रिकोणी भोक. इतकं थोडकं, आणि शंभर वर्षांनंतरही त्यात बदलावं असं काही सापडत नाही.

गुरुवार, गोथा

तिच्या आयुष्यात गोथा डेसाउच्या नंतर येतं. पण एरफुर्टहून ते हाकेच्या अंतरावर, म्हणून आधी उरकलं. फ्रीडनस्टाइन हा सतराव्या शतकातला प्रचंड राजवाडा गावावर पसरलेला आहे, बहुतेक लोक त्याच्यासाठीच येतात. आम्ही त्याच्या अंगणात बाकावर बसून एका पत्र्याच्या कारखान्याबद्दल बोलत होतो.

रूपेलवेर्क हा गोथातला धातूच्या वस्तूंचा कारखाना. १९२९ च्या अखेरीपासून १९३२ पर्यंत मारियाने त्याच्या डिझाइन विभागाची प्रमुख होती. नॅपकिन धरायचे स्टँड, दौती, टेबलावरची घड्याळं, पत्रं खोचायची घडवंची असा माल तिथे निघायचा. तिने त्यावरची वेलबुट्टी काढून टाकली आणि साधा वाकवलेला पत्रा व एकरंगी चकचकीत रंग आणला. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात आज तिचं इथलं टेबल-घड्याळ आहे. मी ताईला फोनवर त्याचे आणि इतर वस्तूंचे फोटो दाखवले.

ताई जशी वायमारला गप्प झाली होती तशीच इथे बोलकी झाली. "हे बघ, हा पत्रा कापायचा, दोन घड्या मारायच्या, रंगवायचा. संपलं. जोडकाम जवळपास नाहीच. वाया जाणारा तुकडाही कमी. ही बाई चहापात्र करताना सोनारासारखा विचार करत होती, इथे कारखान्यासारखा करतेय. पाच वर्षांत एवढा फरक म्हणजे खूप शिकली ती."

संग्रहालयांत चहापात्राला स्वतंत्र कपाट मिळतं आणि या वस्तूंना अभ्यासकांच्या तळटिपेत जागा मिळते, हे मला मुळीच पटत नाही. स्वस्त, टिकाऊ, कुणाच्याही टेबलावर शोभेल अशी वस्तू करायची, हेच तर त्या शाळेचं म्हणणं होतं. पण तोवर जगभर मंदी पसरली होती. १९३२ मध्ये ही नोकरी गेली. मोठ्या कारखान्यात रोज नव्या वस्तू काढायची संधी तिला पुन्हा कधीच मिळाली नाही.

दुपारीच परतलो.

शुक्रवार, डेसाउ

हालेला गाडी बदलून डेसाउ. शाळा इथे आल्याला २०२५ मध्ये १०० वर्षं झाली, त्यामुळे गावभर फलक होते.

बाउहाउसची इमारत स्टेशनपासून चालत जाण्याजोगी आहे. ग्रोपियसची ही वास्तू ४ डिसेंबर १९२६ ला उघडली. कार्यशाळेच्या बाजूला मजल्यांवरून सलग उतरलेली काचेची भिंत आहे. तिचे फोटो इतके पाहिलेले असतात की आपण ती पाहून चुकलोय असं वाटतं. तसं काही नाही. दुपारचं ऊन तिरपं आलं तेव्हा आतले जिने, खांब, रेडिएटर आणि बाहेरची झाडं सगळं एकाच काचेत एकमेकांवर दिसत होतं. मारियानेचे फोटो समजायला ही काच पाहावी लागते.

या इमारतीतले दिवे शाळेच्या धातूच्या कार्यशाळेने केले, त्यांत तिचेही होते. सभागृहातल्या नळ्यांचे दिवे माक्स क्रायेव्स्कीचे, पण दुधी काचेचे आणि ॲल्युमिनियमच्या टोपीचे दिवे ही तिची खास वाट. हान्स प्शिरेम्बेलबरोबर तिने वरखाली ओढता येणारा टांगता दिवा केला, वजनाच्या तोलावर चालणारा. ज्या उंचीवर सोडाल तिथे तो थांबतो. साध्या गोष्टींत डोकं घालायचं म्हणजे असं.

रात्री आम्ही प्रेलरहाउसमध्येच राहिलो. विद्यार्थ्यांच्या राहण्याचा हा भाग, एकूण २८ खोल्या, आता पाहुण्यांना मिळतात. खोलीत पलंग, टेबल, बेसिन. न्हाणीघर मजल्यावर सगळ्यांत मिळून. ज्यांना हॉटेलचा थाट हवा त्यांनी येऊ नये, बाकी सगळ्यांनी यावं. खिडकी एवढी रुंद की खोलीची एक बाजू जवळपास काचेचीच, आणि बाहेर उभं राहण्यापुरता छोटा सज्जा.

मारियाने याच इमारतीत राहत असे. आपल्या खोलीत चकचकीत गोळा ठेवून त्यात उमटलेलं स्वतःचं प्रतिबिंब तिने कॅमेऱ्यात पकडलं. गोळ्यात खिडकी वाकते, भिंती धनुष्यासारख्या ताणल्या जातात, आणि मध्ये ती लहानशी, कॅमेऱ्यासह. १९२९ च्या फेब्रुवारीत शाळेत 'धातूचा महोत्सव' झाला, सगळे पत्रा, वर्ख, चमचे काय मिळेल ते अंगावर घालून आले. त्या वेळचा तिचा फोटोही असाच: डोक्यावर धातूची चकती, गळ्यात गोळा, आणि नजर थेट आपल्याकडे. दिवसभर जो धातू ती वाकवत होती, त्यातच ती स्वतःला पाहत होती.

फोटोंच्या जोडीला तिची फोटोमाँटाज आहेत. १९२६-२७ मध्ये ती काही महिने पॅरिसला होती, तिथे सचित्र साप्ताहिकांतली कात्रणं कापून तिने त्यांतली कितीतरी केली. कापलेल्या केसांची, सिगारेट ओढणारी नवी बाई, यंत्रं, सैनिक, सर्कस, सिनेमा. पांढऱ्या कागदावर भरपूर मोकळी जागा सोडून चिकटवलेली. बाउहाउसमधल्या तिच्या सहकाऱ्यांनाही त्यांतली फारशी ठाऊक नसावीत. ती खऱ्या अर्थाने लोकांपुढे आली तिच्या म्हातारपणी आणि मृत्यूनंतर.

शनिवार, डेसाउ आणि लाइप्झिग

सकाळी गावातल्या नव्या बाउहाउस संग्रहालयात. हेही २०१९ चं, पण वायमारच्या ठोकळ्याच्या अगदी उलट, काचेचं. मला इथे एकच वस्तू नीट पाहायची होती: कांडेम कंपनीचा पलंगाशेजारचा दिवा, १९२८.

पत्र्याची बैठक, तिच्यावर बारीक दांडी, दांडीवर घंटेच्या आकाराची टोपी, आणि बैठकीतच एक दाबायचं बटण. एवढंच. टोपी वळवता येते, म्हणजे एक जण वाचत असेल तर दुसऱ्याच्या डोळ्यांवर उजेड येत नाही. बटण खाली, कारण अर्धवट झोपेत हात चाचपडत बैठकीवरच येतो. वायरीवर लटकणारा स्विच शोधावा लागत नाही. ताई पंधरा मिनिटं त्या दिव्यापुढून हलली नाही. टोपी ओढकामाने निघेल, बैठक एका ठोक्यात निघेल, स्क्रू कुठे असतील, हे सगळं तिने मला बोटाने हवेत काढून दाखवलं.

हा दिवा मारियाने आणि हिन ब्रेडेनडीक यांचा. कांडेम म्हणजे लाइप्झिगची क्योर्टिंग उंड माथीसेन ही दिव्यांची कंपनी. १९२८ मध्ये ग्रोपियस आणि मोहोय-नॉज दोघांनी शाळा सोडली आणि धातूच्या कार्यशाळेची धुरा मारियानेवर आली. चार वर्षांपूर्वी जिथे तिला वाट्या ठोकायला बसवलं होतं, तिथलीच ती प्रमुख झाली, हंगामी का होईना. कारखान्यांशी बोलणी, करार, नमुन्यांत दुरुस्त्या, सगळं तिने अंगावर घेतलं. बाउहाउसच्या वस्तू खरोखर कारखान्यात निघाल्या आणि शाळेला पैसे मिळाले, त्यांत या दिव्यांचा वाटा मोठा आहे. ते हजारोंनी विकले गेले.

माझं मत विचाराल तर तिचं सर्वांत मोठं काम हा दिवा आहे. चहापात्र अप्रतिम आहेच. पण ते काचेआड पाहायचं. या दिव्याची पुढची पिढी आज जगातल्या कुठल्याही घरात सापडेल, आणि रात्री बटण दाबणाऱ्याला ती कुणाच्या विचारातून आली हे माहीतही नसतं. ३ लाख ६१ हजार डॉलरच्या बातमीने या दिव्यावर अन्याय केला.

१९२९ मध्ये तिने पदविका घेतली आणि शाळा सोडली. बर्लिनला ग्रोपियसच्या कार्यालयात थोडा काळ काम केलं, तिथून गोथा.

दुपारी लोकलने लाइप्झिग. ग्रासी संग्रहालयाच्या जिन्यातल्या योसेफ आल्बर्सच्या रंगीत काचा तेवढ्या पाहिल्या. मूळच्या १९२०च्या दशकातल्या, महायुद्धात फुटल्या, २०११ मध्ये पुन्हा केल्या. आल्बर्स हा मारियानेच्या पहिल्या वर्गाचा शिक्षक. पाय दुखत होते, लवकर झोपलो.

रविवार, केम्निट्स

लाइप्झिगहून तासाभराची प्रादेशिक गाडी. केम्निट्स २०२५ मध्ये युरोपची सांस्कृतिक राजधानी होतं, त्यामुळे रविवार असूनही रस्त्यांवर वर्दळ होती.

मार्च १९४५ च्या बॉम्बहल्ल्यांत शहराचा मध्यभाग उद्ध्वस्त झाला. तिथे आता रुंद रस्ते आणि कार्ल मार्क्सचं ७ मीटरहून उंच काशाचं डोकं आहे. १९५३ ते १९९० या शहराचं नाव कार्ल-मार्क्स-श्टाट होतं. हे डोकं १९७१ मध्ये बसवलं. तेव्हा मारियाने याच शहरात राहत होती, वय ७८.

इथला काळ लेखांमध्ये दोन ओळींत संपतो, म्हणून मी तो जरा विस्ताराने सांगते. गोथाची नोकरी गेल्यावर १९३३ मध्ये ती आईवडिलांच्या घरी परतली. ज्या वर्षी बाउहाउस बंद पडलं आणि नाझी सत्तेवर आले, त्याच वर्षी. तिच्यासारखीला काम देणारं कुणी नव्हतं. १९३५ मध्ये घटस्फोट झाला. रंग, कागद मिळवायचे तर सरकारी कला-संस्थेचं सदस्यत्व लागायचं, ते तिने १९३९ मध्ये घेतलं. चित्रं काढत राहिली.

युद्धानंतर १९४९ मध्ये डच वास्तुकार मार्ट स्टामने तिला ड्रेस्डेनच्या कलाशाळेत शिकवायला बोलावलं, आणि १९५१ मध्ये बर्लिनच्या वाइसेनझे भागातल्या औद्योगिक डिझाइनच्या संस्थेत. पुन्हा एकदा सगळं जुळून येणार असं वाटलं असेल. पण त्याच सुमारास पूर्व जर्मनीच्या सरकारने 'आकारवादा'विरुद्ध, म्हणजे आशयापेक्षा आकाराला महत्त्व देण्याविरुद्ध, मोहीम उघडली आणि बाउहाउसची शैली बुर्झ्वा ठरवली. ज्या साधेपणासाठी नाझींनी नावं ठेवली, त्याच साधेपणाला आता दुसऱ्या बाजूने नावं ठेवली गेली. १९५३-५४ मध्ये पूर्व जर्मनीच्या उपयोजित कलेचं प्रदर्शन घेऊन ती बीजिंग आणि शांघायला गेली. परतल्यावर नोकरी सोडून केम्निट्सला आली ती कायमची. तेव्हा ती साठीची होती. पुढची जवळजवळ तीस वर्षं चित्रं, शिल्पं, विणकाम असं जमेल ते करत राहिली. १९८३ च्या जूनमध्ये झ्विकाउजवळच्या किर्शबेर्गला ती वारली. दोन वर्षांनी इटलीच्या अलेस्सी कंपनीने तिचं १९२४ चं रक्षापात्र पुन्हा बाजारात आणलं.

दुपारी कासबेर्ग टेकडीवर गेलो. जुन्या उंच घरांच्या रांगा युद्धातून इथे बऱ्याच वाचल्या आहेत, त्यांतच तिचं घर. आम्ही बाहेरूनच पाहिलं. मग ट्रामने व्हिला एशे. हाही व्हान डे व्हेल्डेचाच, १९०३ चा, मोजे विणणाऱ्या कारखानदारासाठी बांधलेला. मारियाने दहा वर्षांची असताना तिच्या गावात ही इमारत उभी राहत होती, आणि आठ वर्षांनी ती शिकायला गेली तीही त्याच माणसाने बांधलेल्या शाळेत. आत कठड्याचे, दिव्यांचे, दाराच्या मुठींचे बाक ताई हाताने हवेत गिरवत होती. "हे सगळं सुंदर आहे," ती म्हणाली, "पण यातली एकही मूठ दुसऱ्या दाराला बसायची नाही."

केम्निट्समध्ये २००१ पासून मारियाने ब्रांटच्या नावाने तरुणांसाठी आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरते, वस्तूंचं डिझाइन आणि छायाचित्रण अशा दोन्ही विभागांत. हे ज्याने कुणी ठरवलं त्याला ती पुरती कळली आहे. डिझायनर मारियाने आणि फोटो काढणारी मारियाने अशा दोन बायका करून तिला वेगळ्या दालनांत ठेवायची खोड अजून गेलेली नाही.

संध्याकाळच्या गाडीत ताईने वहीत कांडेम दिव्याचा छेद काढला, टोपी कशी निघेल यावर आमचा वाद लाइप्झिगपर्यंत चालला. मारियानेचा चांदीचा अख्खा चहा-कॉफीचा संच बर्लिनच्या बाउहाउस संग्रहाकडे आहे. त्या संग्रहाची इमारत २०१८ मध्ये कामासाठी बंद झाली. ती उघडली की बर्लिनला जायचं ठरलंय, आणि ताईला तिथे त्या भांड्यांच्या बुडाखाली पाहायचं आहे.